विषाणूच्या हाती दिलेलं औषध

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं. पोटाकडून आणि आतड्यांकडून येणारी पोर्टल व्हेन सुमारे तीन चतुर्थांश रक्त पुरवते, उरलेलं धमनीतून येतं. निरोगी यकृत मुख्यतः पहिल्या वाटेवर जगतं. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढून घेते. डॉक्टरांच्या हा भेद ध्यानात आला आणि त्यातून एक पद्धत रुळली: मांडीच्या धमनीतून बारीक नळी सरकवत यकृताच्या धमनीपर्यंत न्यायची आणि औषध थेट गाठीच्या दाराशी सोडायचं. १९९०च्या दशकात काही संशोधकांनी त्याच नळीतून विषाणू सोडायला सुरुवात केली.

पेशीत शिरून आपली जनुकं तिथे टाकणं हे विषाणूचं सगळं जगणं. त्याची स्वतःची काही जनुकं काढून घेतली आणि रिकाम्या जागी आपल्याला हवं ते जनुक बसवलं, की तो आपला निरोप्या होतो. शास्त्रज्ञ त्याला वाहक म्हणतात, इंग्रजीच्या सवयीने व्हेक्टर. यकृताबद्दल तर या मंडळींना फारच आशा होती, कारण प्राण्यांच्या शिरेत टोचलेला ॲडिनोव्हायरस बहुतांशी यकृतातच जाऊन थांबत असे. जिथे पोहोचायचं तिथेच तो आपणहून जात होता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास मी वाचतो तेव्हा मला हेच पुन्हा पुन्हा जाणवतं, की पोहोचण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. पोहोचल्यावर शरीर काय करील, आणि झालेला परिणाम औषधाचाच आहे हे आपल्याला कसं कळेल, हे दोन प्रश्न खरे अवघड होते. दोन्हींची किंमत माणसांनी मोजली.

विषाणूने कर्करोग मारायची कल्पना जनुकशास्त्राहून जुनी आहे. ॲडिनोव्हायरसचा शोध १९५३ मध्ये लागला आणि १९५६ पर्यंत अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीस रुग्ण स्त्रियांना तो टोचून झालाही होता. गाठींचे भाग मेले, पण स्त्रिया त्यापायी जास्त जगल्या असं काही दिसलं नाही. १९९० च्या सप्टेंबरात त्याच संस्थेत चार वर्षांच्या एका मुलीच्या रक्तपेशी बाहेर काढून, विषाणूच्या मदतीने त्यांत नवं जनुक घालून, त्या तिला परत देण्यात आल्या. तिला जन्मजात प्रतिकारशक्तीचा आजार होता. अधिकृत मंजुरीने झालेला तो पहिला जनुकोपचार. त्यानंतर या क्षेत्रात पैसा आणि माणसं दोन्ही लोटली.

यकृताच्या कर्करोगाचा धागा १९९१ मध्ये जोडला गेला. चीनमधलं चीतुंग आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग, जगाच्या दोन टोकांच्या रुग्णांच्या गाठी तपासणाऱ्या दोन वेगवेगळ्या गटांना एकच गोष्ट सापडली. पी-५३ हे पेशीची राखण करणारं जनुक, आणि ते बऱ्याच गाठींमध्ये नेमक्या एकाच ठिकाणी बिघडलेलं होतं. बुरशी लागलेल्या मक्यात आणि शेंगदाण्यात तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष ती खूण सोडून जातं. हे विष आपल्याकडेही अनोळखी नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशीचा मका खाऊन यकृत निकामी झालं आणि १०६ माणसं गेली. कर्करोगात त्याचं काम संथ असतं, इतकंच. १९९१ च्या त्या शोधानंतर संशोधकांनी साहजिकच विचार केला, की पी-५३ बिघडल्याने गाठ होते तर विषाणूच्या पाठीवर चांगलं पी-५३ पाठवावं.

कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या ओनिक्स या कंपनीत फ्रँक मॅककॉर्मिक यांनी हाच विचार उलटा केला. ॲडिनोव्हायरसला पेशीत वाढायचं असेल तर आधी पी-५३ला गप्प बसवावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे एक खास प्रथिन असतं. ते प्रथिनच काढून टाकलं तर? निरोगी पेशीत तो विषाणू अडेल. ज्या पेशीत पी-५३ आधीच बिघडलेलं आहे तिथे मोकाट वाढेल आणि तिला फोडून शेजारच्या पेशीत जाईल. असा विषाणू लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आर्नल्ड बर्क यांनी आधीच बनवलेला होता. ओनिक्सने त्याला ओनिक्स-०१५ म्हटलं आणि १९९६ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात निष्कर्ष छापले. मांडणी इतकी देखणी होती, की अनेकांना ती खरी असायलाच हवी असं वाटलं. काही वर्षांत इतर प्रयोगशाळांनी दाखवलं, की पी-५३ शाबूत असलेल्या पेशींतही हा विषाणू वाढतो आणि त्याच्या निवडीमागचं कारण निराळंच आहे. लंडनमध्ये नागी हबीब यांनी यकृताच्या कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांवर तो वापरून पाहिला. हाती फारसं लागलं नाही.

त्याच काळात फिलाडेल्फियात जे घडलं त्याने सगळ्या क्षेत्राची दिशा बदलली. ते कर्करोगाच्या रुग्णाबाबत घडलं नव्हतं. पण विषाणू होता ॲडिनोव्हायरस, अवयव होता यकृत आणि वाट होती तीच, धमनीतली नळी.

जेसी गेल्सिंगर अठरा वर्षांचा होता. ॲरिझोनातल्या टूसॉन शहराचा. त्याच्या यकृतात अमोनियाची विल्हेवाट लावणारं एक विकर पुरेसं तयार होत नसे. ज्यांना हा आजार तीव्र असतो ती बाळं बहुधा जगत नाहीत. जेसीचा आजार सौम्य होता आणि पथ्य व गोळ्यांवर तो आटोक्यात होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेम्स विल्सन यांच्या संस्थेत चाललेली चाचणी खरं म्हणजे त्या नवजात बाळांसाठी होती. पण मरणाच्या दारात असलेल्या बाळाचे आईबाप मोकळ्या मनाने संमती देऊ शकत नाहीत, असं नीतितज्ज्ञांचं मत पडलं. म्हणून धडधाकट प्रौढ स्वयंसेवक घ्यायचे ठरलं. जेसी या उपचाराने स्वतः बरा होणार नव्हता. बाळांसाठी काही करता येईल म्हणून तो आला होता.

१३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याच्या यकृताच्या धमनीत विषाणूचे सुमारे ३८ लाख कोटी कण सोडण्यात आले. चाचणीतला तो अठरावा आणि शेवटचा स्वयंसेवक, सर्वांत मोठा डोस असलेल्या गटातला. त्या रात्री ताप चढला. दुसऱ्या दिवशी कावीळ दिसली, अमोनिया वाढला, तो बेशुद्ध झाला, एकामागून एक अवयव थकत गेले. १७ सप्टेंबरला, चौथ्या दिवशी, यंत्रं बंद करण्यात आली.

त्याला मारलं ते नव्या जनुकाने नव्हे. यकृतात कुप्फर पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. रक्तातून येणारे जंतू त्या गिळून टाकतात. ठरावीक प्रमाणापर्यंत त्या ॲडिनोव्हायरसचा मोठा हिस्सा पचवतात, पण त्यापुढे डोस थोडा वाढला तरी परिणाम एकदम उसळतो. विषाणूच्या कवचानेच जेसीच्या प्रतिकारशक्तीला चेतवलं आणि दाहाने सगळं शरीर पेटलं.

नंतरच्या चौकशीत जे बाहेर आलं ते मला अधिक अस्वस्थ करतं. याच जातीच्या, जास्त जहाल वाहकाने माकडं दगावली होती. ती माहिती संमतिपत्रकातून गळली होती. आधीच्या काही स्वयंसेवकांच्या यकृतावर गंभीर परिणाम दिसले होते, तेव्हा नियमाप्रमाणे थांबून औषध प्रशासनाला विचारायला हवं होतं. टोचण्याआधी जेसीच्या रक्तातला अमोनिया ठरलेल्या मर्यादेबाहेर होता. शिवाय संस्थेच्या प्रमुखाचे एका संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या संस्थेतल्या जनुकोपचाराच्या सगळ्या चाचण्या थांबवल्या. वडील पॉल गेल्सिंगर यांनी सुरुवातीला डॉक्टरांना दोष दिला नव्हता. सगळं कळल्यावर ते सार्वजनिकपणे बोलू लागले आणि स्वयंसेवकांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं बोलत राहिले.

पैसा आटला. २००३ मध्ये ओनिक्सने विषाणू सोडून दिला आणि बायर कंपनीबरोबर चालवलेल्या एका साध्या रासायनिक गोळीवर सगळं लक्ष लावलं. ती गोळी म्हणजे सोराफेनिब. ६०२ रुग्णांच्या चाचणीत तिने यकृताच्या प्रगत कर्करोगातलं मध्यक आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेलं. तीन महिन्यांहून थोडं कमी. ऐकायला हे क्षुल्लक वाटेल, पण या रोगात आयुष्य वाढवल्याचं ठामपणे सिद्ध केलेलं ते पहिलं पोटातून घ्यायचं औषध होतं आणि २००७ च्या अखेरीस अमेरिकेत त्याला यकृतासाठी मान्यता मिळाली. भारतात महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये एवढी त्याची किंमत होती. मार्च २०१२ मध्ये मुंबईतून पेटंट नियंत्रकांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला तो याच गोळीसाठी; हैदराबादच्या नॅटकोने ती महिना ८,८८० रुपयांत द्यायची होती. बायरने दाद मागितली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. विषाणूच्या इतिहासात हे आडवळण वाटेल, पण पुढे विषाणूला ज्याच्याशी झुंजावं लागलं ते औषध हेच.

ओनिक्सने टाकून दिलेली वाट चीनने उचलली. ऑक्टोबर २००३ मध्ये शेनझेनच्या सायबायोनो कंपनीच्या जेंडिसिन या पी-५३ वाहून नेणाऱ्या ॲडिनोव्हायरसला तिथल्या सरकारने परवानगी दिली. जगात विक्रीला आलेलं पहिलं जनुकोपचाराचं औषध. दोन वर्षांनी शांघायच्या सनवे कंपनीचा एच-१०१ आला, जो ओनिक्स-०१५चा सख्खा भाऊ होता. दोघांचीही परवानगी डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी होती, पण चिनी रुग्णालयांत ते यकृताच्या गाठींतही टोचले जात आणि परदेशी रुग्ण हजारो डॉलर घेऊन तिथे पोहोचत. परवानगी मिळाली तेव्हा ही औषधं घेतल्याने रुग्ण किती अधिक जगतात, हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेलं नव्हतं. हा क्रम मला चुकीचा वाटतो. औषध आधी विकायचं आणि पुरावा मागून गोळा करायचा, तर तो पुरावा कधीच नीट गोळा होत नाही.

सर्वांत जिद्दीचा प्रयत्न दक्षिण कोरियात, बुसान शहरात झाला. हिपॅटायटिस-बीमुळे कोरियात यकृताचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या माणसं नेत आला आहे. इथे निवडलेला विषाणू ॲडिनो नव्हता. तो होता व्हॅक्सिनिया, म्हणजे देवीच्या लशीतला विषाणू. ज्या वाचकांच्या दंडावर देवी काढल्याचा व्रण आहे त्यांच्या शरीरात तो एकदा येऊन गेलेला आहे. एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीपासून सुरू केलेल्या परंपरेतली पहिली लस भारतात १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. त्या परंपरेने पुढे कोट्यवधी माणसांत वापरून पारखलेला विषाणू कर्करोगावर वापरावा, यात मोठंच शहाणपण होतं. त्याचे दुष्परिणाम ठाऊक होते. शिवाय तो पेशीच्या केंद्रकात शिरत नाही, त्यामुळे माणसाच्या जनुकांत मिसळून जाण्याची भीती नव्हती.

फिलाडेल्फियातल्या जेफरसन विद्यापीठात मायकेल मास्ट्रॅन्जेलो आणि एडमंड लॅटाइम यांनी त्वचेच्या कर्करोगासाठी या वाटेवर आधी काम केलं होतं. विषाणूचं थायमिडिन कायनेज हे जनुक निकामी केलं, की त्याला वाढायला त्या विकराचा पेशीतला साठा लागतो आणि तो भरभरून असतो भराभर विभागणाऱ्या कर्कपेशींत. रिकाम्या जागी जीएम-सीएसएफ हे मानवी जनुक बसवलं, म्हणजे गाठ फुटत असतानाच प्रतिकारशक्तीच्या पेशींना तिथे बोलावणं जाईल. नाव दिलं जेएक्स-५९४, पुढे पेक्सा-वेक. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेनरेक्स कंपनीने तो हाती घेतला. तिचे संस्थापक डेव्हिड कर्न ओनिक्समध्ये ओनिक्स-०१५च्या चाचण्या पाहत असत.

बुसानच्या दोंग-आ विद्यापीठात पार्क ब्योंग-हो आणि ह्वांग ते-हो यांच्या गटाने यकृतात गाठी असलेल्या चौदा रुग्णांवर पहिली चाचणी केली. सोनोग्राफीत पाहत सुई थेट गाठीत न्यायची आणि विषाणू सोडायचा. सगळ्यांना ताप, अंगदुखी. ३०० कोटी विषाणूंच्या डोसला बिलिरुबिन धोक्याइतकं चढलं, म्हणून १०० कोटी ही मर्यादा ठरली. ज्या दहा जणांच्या गाठी मोजता आल्या त्यांतल्या तिघांच्या आकसल्या, सहांच्या थांबल्या, एकाची वाढली. इतर उपचार हरलेल्या माणसांत हे दिसलं होतं, त्यामुळे २००८ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निष्कर्ष आले तेव्हा उत्साह पसरणं स्वाभाविक होतं.

मग आली २०१३ ची बातमी. ‘नेचर मेडिसिन’मध्ये हो जोंग आणि सहकाऱ्यांनी तीस रुग्णांची चाचणी छापली. काहींना १० कोटींचा डोस, काहींना १०० कोटींचा. मोठ्या डोसच्या गटाचं मध्यक आयुष्य १४.१ महिने, लहान डोसच्या गटाचं ६.७. दुपटीहून जास्त! सोराफेनिबने ६०२ माणसांत मिळवलं त्याच्या दुपटीहून जास्त विषाणूने तीस माणसांत मिळवलं, असं वाचणाऱ्याला वाटलं तर त्याला दोष देता येत नाही.

पण त्याच लेखात एक गोष्ट खटकण्यासारखी होती. गाठींनी दिलेला प्रतिसाद दोन्ही गटांत सारखाच होता. गाठी सारख्याच वागल्या आणि आयुष्य मात्र दुप्पट झालं, तर हा फरक औषधाचा की माणसांचा? तीस जणांत चार-पाच मुळातच बऱ्या प्रकृतीचे एका बाजूला पडले तरी आकडे असे हलतात. विषाणू अजिबात न घेतलेला तिसरा गट तर चाचणीत नव्हताच. उत्तर त्याच वर्षी मिळायला लागलं. सोराफेनिब घेऊनही रोग वाढलेल्या १२९ रुग्णांच्या चाचणीत विषाणू घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य ४.२ महिने भरलं, न घेतलेल्यांचं ४.४.

तिथे थांबता आलं असतं. कंपनीने म्हटलं, हे रुग्ण फार थकलेले होते, प्रतिकारशक्तीला काम करायला वेळच मिळाला नाही; विषाणू आधी द्यायला हवा. हे म्हणणं पटण्याजोगं होतं आणि मी ते अजूनही उडवून लावणार नाही. कोरियाच्या सिलाजेन कंपनीने जेनरेक्स विकत घेतली, २०१६ च्या अखेरीस शेअर बाजारात उतरली, आणि हजारो सामान्य कोरियन माणसांनी तिचे शेअर घेतले. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचं नाव होतं फोकस. एका गटाला आधी गाठीत विषाणूची तीन इंजेक्शनं, दोन-दोन आठवड्यांनी, आणि सहाव्या आठवड्यापासून सोराफेनिब. दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून नुसतं सोराफेनिब. अनेक देशांतून ६०० रुग्ण घ्यायचे होते. ४५९ झाले. ऑगस्ट २०१९ च्या सुरुवातीला स्वतंत्र देखरेख समितीने आकडे उघडून पाहिले आणि चाचणी थांबवा म्हणून सांगितलं. विषाणू अधिक गोळी: १२.७ महिने. नुसती गोळी: १४ महिने. रोग वाढेपर्यंतचा काळ पहिल्या गटात दोन महिने, दुसऱ्यात ४.२.

या शेवटच्या आकड्यांकडे मी बराच वेळ पाहिलं आहे. सहा आठवडे ज्यांनी गोळीची वाट पाहिली त्यांच्या रोगाने तेवढ्यात पुढचं पाऊल टाकलं, असाच त्याचा अर्थ मला लागतो. विषाणू नुसता निष्फळ ठरला असता तर गोष्ट वेगळी. इथे त्याच्यासाठी थांबण्याने रुग्णांचा वेळ गेला. बातमीबरोबर सिलाजेनचा शेअर दिवसाच्या मर्यादेपर्यंत कोसळला, पुढे कंपनीच्या कारभाराची चौकशी झाली आणि व्यवहार दोन वर्षांहून अधिक काळ बंद राहिले. या चाचणीचे पूर्ण निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लिव्हर कॅन्सर’ या नियतकालिकात छापून आले. हरलेल्या चाचणीचे आकडे जगापुढे ठेवणं हे मोठं काम आहे आणि त्याबद्दल त्या डॉक्टरांचा मान राखायला हवा.

प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडायची मूळ कल्पना खोटी नव्हती. मे २०२० मध्ये अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या दोन प्रतिपिंडांच्या जोडीने सोराफेनिबला मागे टाकलं: वर्षभरानंतर हयात असलेले ६७ टक्के विरुद्ध ५५ टक्के. विषाणूशिवायच. विषाणूंनीही आपल्याला जमणारं काम शोधलं. आकाराने लहान आणि स्वभावाने शांत अशा एएव्ही या विषाणूच्या पाठीवरून यकृतात जनुक पाठवून हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त गोठवता येऊ लागलं. त्यातला एक महत्त्वाचा वाहक, एएव्ही-८, जेम्स विल्सन यांच्याच प्रयोगशाळेतून आला. आणि मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या नेक्सकार-१९ या रक्तकर्करोगाच्या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरात परवानगी मिळाली. त्यात लेंटिव्हायरस हा वाहक विषाणू रुग्णाच्या शिरेत जात नाही. पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुक घातलं जातं आणि मगच त्या परत जातात. यकृताची घट्ट गाठ अजून अशा बदललेल्या पेशींना दाद देत नाही. काम चालू आहे.

आपल्याकडे २०१९ पासून जनुकोपचारासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करणं बंधनकारक आहे. ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई हा त्याचा हक्क आहे. घरातल्या कुणाच्या यकृतावर उद्या असा उपचार सुचवला गेला तर घाबरून नकार देऊ नका आणि हरखून होकारही देऊ नका. नोंदणी क्रमांक मागा. आधी किती जणांना दिला, तुलनेसाठी दुसरा गट होता का, आणि प्राण्यांपासून माणसांपर्यंत कुणाचं काय बिघडलं, हे लेखी विचारा. पैसे मागितले तर उठून या. आणि संमतिपत्रकाची प्रत स्वतःजवळ ठेवल्याशिवाय सही करू नका.